डबा, वही आणि लॉरा

जिओकॅशिंग हा खेळ आहे असं सगळे म्हणतात आणि खेळणाऱ्यांनाही तसंच वाटतं. कुणीतरी एक डबा लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकतो. दुसरा कुणी जीपीएस घेऊन तिथे पोचतो, डबा हुडकतो, आतल्या वहीत नाव लिहितो आणि डबा होता तिथे परत ठेवून देतो. झालं. पण एवढ्याशा व्यवहारात शीर्षक असतं, निवेदन असतं, कूट असतं, वाचकाला अडवून धरणं असतं आणि शेवटी वाचकाने स्वतःच्या हाताने लिहायची एक ओळही असते. मला तरी हा लेखनप्रकार वाटतो. लेखनप्रकार म्हटला की त्यात सरस काय नि भरताड काय, हे सांगता आलं पाहिजे.

त्यासाठी मी जागा धरली आहे ती अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातली. फिलाडेल्फियाच्या उत्तरेला हॉर्शम गावात ग्रेम पार्क नावाचं वसाहतकाळातलं एक दगडी घर आहे. पण घराकडे वळण्याआधी या प्रकाराची मूळ संहिता पाहू, कारण ती फार छोटी आणि फार चांगली आहे.

2 मे 2000 पर्यंत अमेरिकी सरकार सामान्य लोकांच्या जीपीएसला मिळणारे संकेत मुद्दाम बिघडवून पाठवत असे. त्यामुळे ठिकाण शंभर मीटरपर्यंत चुकायचं. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने त्या दिवशी ही खोड बंद झाली आणि दुसऱ्याच दिवशी, 3 मे रोजी, डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक काळी प्लास्टिकची बादली ठेवून तिचा ठावठिकाणा इंटरनेटवर जाहीर केला. त्याचा मजकूर चार-पाच वाक्यांचा. बादली बरीचशी जमिनीत पुरलेली आहे; काही घ्या, काही ठेवा; सगळं वहीत नोंदवा; मजा करा. मग आत काय आहे त्याची यादी. नकाशांचं सॉफ्टवेअर, व्हिडिओ, पुस्तकं, खाण्याचे पदार्थ, पैसे आणि गलोल.

ही यादी नीट वाचावी. सुरुवात महागड्या सॉफ्टवेअरने होते. मग व्हिडिओ, पुस्तकं, म्हणजे मोठ्या माणसाचं कपाट. मग पोटाची सोय, मग पैसे. इथे कुणीही हिशेबी माणूस थांबला असता. उल्मर थांबत नाही, तो शेवटी गलोल टाकतो आणि पुढे उद्गारचिन्ह देतो. यादी ज्या हाताने सुरू झाली तो हात प्रौढ माणसाचा होता, संपताना तो दहा वर्षांच्या पोराचा झालेला आहे. उपग्रहांच्या जाळ्यावर अब्जावधी डॉलर खर्चून उभारलेली लष्करी यंत्रणा मोकळी झाल्यावर दुसऱ्याच दिवशी एका माणसाला गलोल लपवावीशी वाटली, हे त्या यादीत न सांगता आलेलं आहे. अक्षांश-रेखांशात अभिधा तेवढी असते, व्यंजना गलोलीत आहे. माइक टीग नावाच्या माणसाने काही दिवसांतच ती बादली शोधून काढली आणि प्रकार सुरू झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस त्याला ‘जिओकॅशिंग’ हे नाव मिळालं आणि सप्टेंबरात स्वतंत्र वेबसाइट निघाली, तेव्हा तिच्यावर 75 डब्यांची नोंद होती. गंमत अशी की उल्मरची ती बादली आजच्या नियमांत बसणार नाही. आता परवानगीशिवाय डबा पुरायला मनाई आहे आणि त्यात खाद्यपदार्थ ठेवायलाही, कारण वासाने जनावरं येतात.

आता घर. सर विल्यम कीथ हा 1717 ते 1726 या काळात पेनसिल्व्हेनियाचा गव्हर्नर होता. त्याने 1722 च्या सुमारास शहराबाहेर ही इस्टेट उभारली आणि तिथे धान्याला मोड आणून माल्ट तयार करण्याचा घाट घातला. घर लांबोडकं, जाड दगडी भिंतींचं, वर दुहेरी उताराचं छप्पर. वसाहतकाळातल्या पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरांची जी घरं होती त्यांपैकी हे एकच आज उभं आहे. या मालमत्तेवर गुलाम माणसं राबत होती. ही गोष्ट अशा घरांच्या वर्णनांत बहुधा शेवटच्या परिच्छेदात येते किंवा येतच नाही, म्हणून मी आधीच सांगून ठेवतो. कीथचा कारभार कर्जाच्या खांद्यावर चालत होता. पद गेल्यावर तो इंग्लंडला निघून गेला आणि 1749 मध्ये लंडनला कर्जापायी तुरुंगात मेला. घर आलं त्याच्या बायकोच्या आधीच्या लग्नाच्या मुलीकडे आणि तिच्या नवऱ्याकडे. तो डॉक्टर थॉमस ग्रेम. त्याने आतली दालनं भिंतींवर लाकडी फळ्यांचं काम करून सजवली आणि घराला त्याचं नाव मिळालं. पुढे इथल्याच नव्या मालकांनी 1810 मध्ये राहायला शेजारी दुसरं घर बांधलं. जुन्याला कुणी आधुनिक करण्याच्या फंदात पडलं नाही आणि त्यामुळेच ते वाचलं. 1958 मध्ये ते राज्य सरकारला भेट मिळालं.

अशा घराजवळ कॅश (लपवलेल्या डब्याला या खेळात असंच म्हणतात) रचायची तर लेखकाचे हात आधीच बांधलेले असतात. जमीन उकरायची नाही. भिंतीच्या फटीत काही कोंबायचं नाही. जमीन ज्याची आहे त्याची परवानगी हवी. दोन वेगळ्या कॅशच्या डब्यांमध्ये किमान 161 मीटर, म्हणजे मैलाचा दहावा हिस्सा, अंतर हवं. राष्ट्रीय उद्यानांच्या ताब्यातल्या जागांवर तर डबा परवानगीशिवाय चालतच नाही. म्हणून जाणता रचनाकार घराला हात लावत नाही. घरापाशी तो तुम्हाला नुसतं वाचायला पाठवतो. पाटीवरचे आकडे घ्या, खिडक्या मोजा, त्यांतून नवा ठावठिकाणा काढा. डबा असतो दूर, एखाद्या सार्वजनिक पायवाटेच्या कडेला. या प्रकाराला ‘मल्टि’ म्हणतात. बंधनामुळे रचना सुधारते, हे वृत्तात लिहिणाऱ्याला सांगायला नको.

पण सगळ्या मल्टि सारख्या नसतात. समजा, एखाद्याने सोपा मार्ग धरला. पाटीवर 1722 हे साल आहे, त्याचे अंक क, ख, ग, घ माना. क अधिक ख हा एक आकडा, ग गुणिले घ हा दुसरा. 40 अंश उत्तर आणि 75 अंश पश्चिम यांच्या पुढच्या मिनिटांमधले गाळलेले दशांश अंक असे भरून घ्या. डबा सापडेल. पण हे साल 1722 ऐवजी 1845 असतं तरी कूट तसंच चाललं असतं. घराऐवजी पाण्याची टाकी असती तरी चाललं असतं. दहापैकी आठ कॅश अशाच असतात असं मला वाटतं आणि वाचून झाल्यावर त्यांतलं काहीही लक्षात राहत नाही. माझी कसोटी साधी आहे. जागा बदलली तर रचना मोडली पाहिजे. मोडत नसेल, तर त्या जागेबद्दल तिला काही म्हणायचं नव्हतं.

ग्रेम पार्कबद्दल म्हणण्यासारखं काय आहे? इथल्या इतिहासात पत्रं आहेत. पोचलेली, न पोचलेली, नको तिथे पोचलेली. घर बांधून दोनेक वर्षं झाली होती तेव्हा याच कीथने फिलाडेल्फियातल्या एका हुशार पोराला हाताशी धरलं. पोराचं वय 18, काम छापखान्यातलं. गव्हर्नर म्हणाला, तू स्वतःचा छापखाना काढ, लंडनला जाऊन यंत्र आणि खिळे घेऊन ये, पैशांसाठी मी पतपत्रं देतो. पत्रं आज देतो, उद्या देतो म्हणत जहाज सुटण्याची वेळ आली. ती जहाजावर पाठवतो, असा शेवटचा निरोप आला. 1724 च्या डिसेंबरात जहाज इंग्लिश खाडीत शिरल्यावर कप्तानाने पोराला टपालाची पिशवी चाळू दिली. कीथचं एकही पत्र त्यात नव्हतं. बरोबरच्या डेनहॅम नावाच्या व्यापाऱ्याने मग त्याला सांगितलं की गव्हर्नरला ओळखणारं कुणीही त्याच्या शब्दावर विसंबत नाही. ज्याला स्वतःला पत नाही तो पतपत्र कुठून देणार? त्या पोराचं नाव बेंजामिन फ्रँकलिन. ही हकिगत त्याने आत्मचरित्रात स्वतः सांगितलेली आहे.

जिओकॅशिंगमध्ये डबा मिळाला नाही तर ‘डीएनएफ’ अशी नोंद करतात, शोधला पण सापडला नाही. फ्रँकलिनच्या हातातली ती पिशवी म्हणजे अमेरिकन इतिहासातला अव्वल दर्जाचा डीएनएफ. आता मला हवी ती कॅश मी रचून दाखवतो. ती प्रत्यक्षात कुठे नाही, माझ्या डोक्यात आहे. तिचं शीर्षक ‘गव्हर्नरचं पत्र’. निवेदनात एवढंच की अमुक ठिकाणी गव्हर्नरने तुमच्यासाठी पत्र ठेवलं आहे, खात्रीने मिळेल. घराचं, मालकाचं, सालाचं एक अक्षर नाही. तुम्ही पहिल्या जागी पोचता. डबा आहे, झाकण उघडतं आणि आत काही नाही. वही नाही, पेन्सिल नाही, चिठ्ठी नाही. पाचेक मिनिटं तुम्ही आधी येऊन गेलेल्यांना शिव्या घालता. मग झाकण परत लावताना त्याच्या आतल्या बाजूला कोरलेले बारीक आकडे दिसतात. ते पुढच्या जागेचे. तिथे गेल्यावर फ्रँकलिनची हकिगत कळते आणि मघाची चिडचिड कुणाची होती ते ध्यानात येतं. ही रचना पाण्याच्या टाकीजवळ हलवून दाखवा.

या प्रकाराचा प्रधान रस लोक अद्भुत समजतात, कारण शेवटी डबा सापडतो. मला तो विप्रलंभाच्या, म्हणजे विरहाच्या, जवळचा वाटतो. सापडण्याचा क्षण एकच असतो. आधीचा सगळा वेळ जवळ असूनही न भेटण्याचा. यंत्रच त्याची व्यवस्था करतं. अक्षांशाच्या मिनिटातला दशांशानंतरचा तिसरा अंक एकाने बदलला तर उत्तर-दक्षिण फरक पडतो सुमारे 1.85 मीटर. पडद्यावरचे आकडे इतके नेमके असतात. पण हातातल्या फोनची चूक उघड्या आकाशाखालीच काही मीटरची असते, झाडीत आणखी वाढते. म्हणजे आकडे तुम्हाला एका मोठ्या खोलीएवढ्या वर्तुळात आणून सोडतात आणि बाण गरगरू लागतो. तिथून पुढे डोळे. वाटेत न बसणारा दगड, नैसर्गिक वाटू नये इतक्या समांतर पडलेल्या काटक्या, बुंध्यावर फक्त एकाच बाजूला घासली गेलेली साल. आधी येऊन गेलेल्यांच्या हातांनी ती जागा नकळत लिहिलेली असते आणि शोधणारा ते लेखन वाचतो.

शोधून थकलेल्यासाठी ‘हिंट’ असते आणि तिची युक्ती मला फार आवडते. ती उलटसुलट अक्षरांत दिलेली असते. इंग्रजी वर्णमालेतलं प्रत्येक अक्षर तेरा घरं पुढे सरकवायचं. 26 अक्षरं असल्यामुळे तीच क्रिया पुन्हा केली की मूळ मजकूर परत येतो. हे कुलूप चोरासाठी नाही, एका टिचकीत ते उघडतं. ज्याला बघायचं नाही त्याची नजर चुकून पडू नये, एवढ्यासाठीच ते आहे. वाचकाच्या हट्टाचा इतका मान फार थोड्या लेखनप्रकारांत राखला जातो. (देवनागरीला ही युक्ती लागू पडत नाही, मराठीत हिंट लिहिली तर ती उघडीच राहील. आपल्याला वेगळी सोय करावी लागेल.)

आणि आता वही. माझ्या दृष्टीने या प्रकाराचं सगळं मोल तिच्यात आहे, आणि ग्रेम पार्क निवडलं तेही तिच्यासाठी.

डॉक्टर ग्रेम यांची मुलगी एलिझाबेथ, जन्म 1737. विशीच्या आतबाहेर असताना तिचं लग्न ठरलं ते विल्यम फ्रँकलिनशी, म्हणजे कीथने ज्याला रिकाम्या वचनावर लंडनला धाडलं त्या बेंजामिनच्या मुलाशी. विल्यम 1757 मध्ये बापाबरोबर लंडनला गेला, पत्रं विरळ होत गेली, लग्न मोडलं. पुढे त्याने लंडनमध्येच दुसरीशी लग्न केलं. एलिझाबेथ कविता लिही. फेनलाँच्या ‘तेलेमाक’ या फ्रेंच ग्रंथाचं तिने इंग्रजी पद्यात भाषांतर केलं आणि ते तिच्या हयातीत छापलं गेलं नाही. शनिवारी संध्याकाळी तिच्या फिलाडेल्फियातल्या घरी लिहिणारी-वाचणारी मंडळी जमत. 1772 मध्ये तिने वडिलांच्या नकळत हेन्री ह्यू फर्ग्युसन या स्कॉटिश माणसाशी लग्न केलं. क्रांतियुद्धात तो इंग्रजांच्या बाजूला गेला. 1777 मध्ये धर्मोपदेशक जेकब डुशे याने वॉशिंग्टनला लिहिलेलं एक पत्र तिने स्वतः नेऊन दिलं. स्वातंत्र्याची घोषणा मागे घ्यायला लावा, असा त्यात आग्रह होता. वॉशिंग्टनने पत्र काँग्रेसपुढे ठेवलं आणि पत्र आणणारीबद्दलची नाराजी लपवली नाही. पुढच्या वर्षी एका ब्रिटिश वाटाघाटकर्त्याचा लाचेचा निरोपही तिच्याच तोंडून काँग्रेसमधल्या जोसेफ रीड याच्यापर्यंत गेला आणि त्याचा बोभाटा झाला. नवऱ्याच्या राजद्रोहापायी इस्टेट जप्त झाली. 1781 मध्ये ती तिने झगडून परत मिळवली, पण राखता आली नाही. 1791 मध्ये विकावी लागली. 1801 मध्ये ती वारली.

तिच्या लिखाणाची रीत बघण्यासारखी आहे. छापणं हा तिच्या वर्तुळातल्या बायकांचा रस्ताच नव्हता. त्या वह्या करत. आपल्या कविता, मैत्रिणींच्या कविता, आवडलेले उतारे, त्यांवर टिपणं, सगळं सुवाच्य अक्षरात उतरवायचं आणि वही एकीकडून दुसरीकडे द्यायची. जिच्याकडे वही जाईल तिने वाचायचं, जमल्यास भर घालायची. खाली खरं नाव नसे. हॅना ग्रिफिट्स ‘फिडेलिया’ होती. एलिझाबेथ ‘लॉरा’. ओळखणारे ओळखत, बाकीच्यांनी ओळखावं अशी अपेक्षा नसे.

आता जिओकॅशची वही काढा. साधारण तळहाताएवढी, चेन असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत, बरोबर बोटभर पेन्सिल. शाईचं पेन थंडीत गोठतं आणि ओल लागली की पसरतं. डबा बऱ्याचदा सैन्यातल्या काडतुसांचा, हिरवा, झाकणाला रबरी पट्टी असलेला. उघडताना खटका चांगला मोठ्याने वाजतो. पानांच्या कडा दमट होऊन लाटा आलेल्या. एकाखाली एक तारखा आणि टोपणनावं. खरं नाव कुणी लिहीत नाही. ही वही छापली जाणार नाही, ती वाचायची तर तिथपर्यंत चालत जावं लागतं आणि जो वाचतो त्याने तिच्यात भर घालायची असते. लेखक आणि वाचक ही एकच मंडळी. अठराव्या शतकातल्या त्या बायकांनी चालवलेला हस्तलिखितांचा व्यवहार जगात आज जर कुठे धडधाकट उरला असेल, तर तो या डब्यांत. खेळणाऱ्यांपैकी बहुतेकांना लॉराचं नाव माहीत नाही, तरी ते तिच्या रीतीने सही करतात.

आपल्याकडे किल्ल्यांच्या तटावर कोळशाने लिहिलेली, खिळ्याने कोरलेली नावं पाहून संताप येतो. पण आपण इथे आलो होतो हे कुठेतरी लिहून ठेवावंसं वाटणं यात वाईट काही नाही. त्या उबळीला दगडाऐवजी कागद देणारी ही सोय आहे, आणि तो कागद दगडापासून लांब ठेवण्याची अटही तिच्यातच आहे.

दोष सांगायला हवेत. पहिला संक्षेपाचा. वहीत आता ‘टीएफटीसी’ एवढीच अक्षरं पडतात, कॅशबद्दल आभार. एका दिवसात शेकडो डबे गाठणाऱ्यांसाठी रस्त्याच्या कडेने 161-161 मीटरवर ओळीने डबे मांडलेले असतात. तिथे वहीत शिक्का उमटवून लोक पुढे पळतात. ते वाचन नव्हे, हजेरी आहे. दुसरा दोष जास्त गंभीर वाटतो. ऐतिहासिक घरांजवळच्या कॅशचं निवेदन बहुधा माहितीपत्रकावरून उचललेलं असतं, म्हणून त्यात गव्हर्नर, छप्पर आणि फर्निचर येतं. कीथच्या मालमत्तेवर राबलेल्या गुलामांनी लिहिलेलं कुठलंही पत्र हाती नाही. त्यांची टोपणनावंही नाहीत. पत्रांवर रचलेल्या माझ्या त्या काल्पनिक कॅशलाही ही उणीव चुकत नाही. तिसरा टप्पा त्यांचा हवा आणि तिथे डबा नसावा, नुसता ठावठिकाणा असावा; शोधणाऱ्याला तिथे डीएनएफच मिळावा. वेबसाइटचे तपासनीस असला टप्पा मान्य करतील की नाही, हा भाग वेगळा.

एवढं सगळं असूनही, किंवा त्यामुळेच, माझा कौल या प्रकाराच्या बाजूने आहे. एका जागेवर लिहिलेलं, त्याच जागेवर वाचावं लागणारं आणि तिथून हलवलं तर निरर्थक होणारं साहित्य फार थोडं आहे.

फिलाडेल्फियाच्या बाजूला मराठी कुटुंबं काही कमी नाहीत. त्यांतलं कुणी शनिवार-रविवारी मुलांना घेऊन हॉर्शमला गेलं, तर आधी घर बघा, मग आसपास कुठे कॅश नोंदवलेली आहे का ते फोनवर पाहा. सापडली तर वहीत तीन-चार अक्षरं खरडून निघू नका. मराठीत चार ओळी लिहा, तारीख घाला, टोपणनाव घ्या. आणि झाकण नीट दाबून लावा. पाणी शिरलं की पेन्सिलचं लिखाण राहतं, पण पानं एकमेकांना चिकटून वही उघडतच नाही.